डांबराच्या टँकरमधले पाणी

मुंबईच्या माहुलमधून भरलेला डांबराचा टँकर खंबाटकीचा घाट चढून, सातारा-कराड मागे टाकून आणि किणीचा टोलनाका ओलांडून कोल्हापूरजवळच्या पुलाच्या शिरोलीपाशी येतो, तेव्हा त्याने पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापलेले असते. दुसरी वाट दक्षिणेची. मंगळुरूच्या रिफायनरीत तयार झालेले किंवा कारवार बंदरात उतरलेले डांबर बेळगाव, निपाणी, कागल करत वर येते. दोन्ही वाटांवरच्या टँकरांबद्दल कंत्राटदार, वाहतूकदार आणि साइटवरचे इंजिनिअर यांच्यात एक मत पक्के बसलेले आहे: डांबर एक तर जपून आणता येते किंवा वेळेत आणता येते, दोन्ही एकदम जमत नाही. हे मत चुकीचे आहे, असे मला म्हणायचे आहे. पण खोडण्याआधी ते त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवे.

पूर्वपक्ष तीन पायांवर उभा आहे. पहिला पाय असा की, डांबर म्हणजे पेट्रोल नव्हे. रस्त्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-30 प्रतीचा ज्वलनबिंदू भारतीय मानक आयएस 73 नुसार किमान 220 अंश सेल्सिअस असावा लागतो आणि टँकर भरला जातो तो साधारण 150 ते 165 अंशांना. म्हणजे मधे 50 अंशांहून जास्त अंतर आहे. टँकर उलटला तरी पेट्रोलसारखा भडका उडत नाही. माल रस्त्यावर पसरतो आणि थोड्या वेळात थिजतो. तेव्हा धोका काय तो घाटात आणि वळणावर. दुसरा पाय: प्रवास लांबचा, म्हणून माल जितका कडक तापवून भरावा तितका बरा. तिसरा पाय: टाकी वाळवणे, तपासणे, उतरवताना थांबणे यात गाडीची खेप बुडते. इतकीच भीती वाटत असेल तर थंड, घट्ट डांबर ड्रममध्ये आणावे.

पहिल्या पायातला खरा भाग आधी मान्य करू. रस्त्यावरच्या आगीपुरते बोलायचे तर डांबराचा टँकर पेट्रोलच्या टँकरपेक्षा निश्चितच सौम्य. चूक होते ती पुढच्या पायरीवर. आगीचे भय कमी, म्हणून भयच कमी, हा निष्कर्ष निघत नाही. 150 अंशांच्या डांबराला पेटण्यासाठी खूप काही लागते. उसळण्यासाठी मात्र थोडे पाणी पुरते. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1,700 लिटर जागा मागते. वीस टनांच्या टँकरमध्ये कोपऱ्यात, पाइपात किंवा पंपात मिळून पाच लिटर पाणी राहिले आणि त्यावर गरम माल ओतला, तर साडेआठ घनमीटर वाफ तयार होते. भरलेल्या टाकीत वरची मोकळी जागा असते घनमीटरभर. वाफेला वाट उरते ती मॅनहोलची आणि ती डांबराला फेसाळून बरोबर घेऊन जाते. मॅनहोलपाशी पातळी मोजायचा डिप रॉड घेऊन माणूस उभा असतो. हा अपघात घाटात होत नाही, उभ्या गाडीत होतो: भरताना, उतरवताना किंवा थिजलेला माल पुन्हा तापवताना.

शिरोली एमआयडीसीला हे समजावून सांगावे लागू नये. ही वसाहत फाउंड्र्यांची. वितळलेले लोखंड ज्या लॅडलमध्ये घ्यायचे ती आधी तापवून कोरडी करायची आणि भट्टीत ओले भंगार जाऊ द्यायचे नाही, हे इथल्या कामगाराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. लोखंड दीड हजार अंशांजवळ आणि डांबर दीडशे अंशांना, एवढाच फरक. पाण्याचा नियम दोन्हीकडे तोच. लॅडल वाळवण्यात गेलेल्या वेळाला इथे कोणी वाया गेलेला वेळ म्हणत नाही. मग टँकर वाळवण्याच्या वेळालाच ते नाव का?

कोल्हापूरच्या हवामानात हा प्रश्न आणखी धारदार होतो. पावसाळ्यात डांबरीकरण थांबते. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळचा महामार्गच बंद पडला होता. असा पूर आला नाही तरी जून ते सप्टेंबर टँकर बहुधा उभेच असतात. झाकणाचा वायसर झिजलेला असला की चार महिन्यांत आत पाणी जाते. झाकण घट्ट असले तरी दमट हवेचे दव आत धरते. मग पाऊस उघडतो, खड्ड्यांबद्दल ओरड सुरू होते आणि सगळे एकदम घाईला येतात. वर्षातली सर्वांत धोक्याची खेप ही हंगामाची पहिली खेप असते आणि नेमकी तीच सर्वांत घाईची. तितकीच धोक्याची दुसरी खेप म्हणजे इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवलेले डांबर, नेलेल्या टँकरमध्ये लगोलग गरम डांबर भरणे. इमल्शनमध्ये मोठा वाटा पाण्याचाच. आधी काय नेले होते, एवढे न विचारता माल भरणारा मनुष्य आपला आणि क्लीनरचा जीव नशिबावर सोडतो.

आता दुसरा पाय. जास्त तापवले की जास्त टिकते, हे ऐकायला पटते; हिशेबात बसत नाही. वीस टन डांबराचे तापमान एक अंशाने उतरवायला सुमारे 40 मेगाज्यूल उष्णता बाहेर जावी लागते. टाकीभोवती 50 मिलिमीटर जाडीचे चांगले, कोरडे रॉकवूलचे आवरण असेल तर ढोबळ मानाने तासाला अर्धा अंश उतरतो. पंधरा तासांत सात-आठ अंश. आवरण नसेल, फाटलेले असेल किंवा भिजलेले असेल तर हीच घट सुरुवातीला तासाला पाच अंशांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे निर्णायक गोष्ट भरतानाचे तापमान नसून आवरण आहे. फाटक्या आवरणाच्या टँकरमध्ये वीस अंश जास्त तापवून भरलेला माल चार-पाच तासांत ते वीस अंश गमावतो; लोणावळ्यापासून साताऱ्यापर्यंतच्या हवेला ऊब देऊन तो शिरोलीला थंडच पोहोचतो.

शिवाय हे जादा तापवणे फुकट नाही. शंभर अंशांच्या वर दर दहा अंशांमागे डांबराच्या ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो, असा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. जास्त शिजलेले डांबर कडक आणि ठिसूळ होते. आज रस्ता छान दिसतो आणि दोन पावसाळ्यांत तडे जातात. तापलेल्या डांबरातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो आणि तापमान वाढले की त्याचे प्रमाणही वाढते. झाकण उघडून आत डोकावणाऱ्याला त्याचा पहिला फटका. तापलेला माल फुगतोही. तीस अंश जास्त म्हणजे आकारमान सुमारे दोन टक्क्यांनी जास्त, आणि मोकळी जागा तेवढी कमी.

कडक भरूनही थंड झालेला माल खडी-डांबराचे मिश्रण करणाऱ्या प्लांटवर पुन्हा तापवावा लागतो. वीस टन माल तीस अंशांनी चढवायला 1,200 मेगाज्यूल लागतात. बर्नरची अर्धी उष्णता वाया जाते असे धरले तर 65 लिटरच्या आसपास डिझेल आणि गाडीचे कित्येक तास. या तासांतच अपघाताची जागा आहे. ज्वालेच्या नळ्या मालात पूर्ण बुडालेल्या नसताना बर्नर पेटवला, तर उघड्या पडलेल्या नळीजवळचा माल 220 अंशांची सीमा सहज ओलांडतो आणि पहिल्या पायातले 50 अंशांचे अंतर तिथेच संपते. गरम डांबर पाण्याहून हलके असते. म्हणून पाणी तळाशी बसते, वर थिजलेल्या मालाचे झाकण असते आणि बर्नर तळालाच उष्णता देतो. घाईने चढवलेली आच इथे उसळीला आमंत्रण देते. ज्या फाटक्या आवरणाने डिझेल आणि वेळ खाल्ला, त्यानेच हा धोकाही आणला. खर्च आणि धोका यांचे मूळ एकच आहे.

तिसऱ्या पायाचे, ड्रमचे, काय? ड्रम रस्त्यावर निरुपद्रवी असतो हे खरे. पण प्लांटवर तो फोडून, तापवून वितळवावा लागतो. हजारो लिटरच्या एका टाकीऐवजी शेकडो लहान उघडी तोंडे, आणि पावसात उभ्या राहिलेल्या प्रत्येक ड्रमच्या झाकणावर साचलेले पाणी. तळाला आणि कडांना चिकटून राहणारा माल, रिकाम्या पत्र्याची विल्हेवाट आणि एकाच डांबराला दोनदा दिलेली आच हा वेगळा हिशेब. ड्रम धोका मिटवत नाही. महामार्गावरून उचलून मजुराच्या पुढ्यात ठेवतो. दुर्गम, लहान कामाला तो योग्य आहे. शिरोलीसारख्या महामार्गालगतच्या जागेला नाही. इमल्शनचे उत्तरही मर्यादित. ते थंड नेता येते, पण दर शंभर टनांत पस्तीस-चाळीस टन पाणी वाहून आणावे लागते आणि जाड, दाट थरांत गरम डांबराची जागा ते घेत नाही.

तरी एक आक्षेप उरतो आणि तो प्रामाणिक आहे. वाहतूकदाराला पैसे मिळतात टनाला आणि खेपेला. टाकी वाळवण्याचा तास आणि आवरणाची दुरुस्ती त्याच्या खिशातून जाते, उशिरा पोहोचलेल्या थंड मालाचे डिझेल मात्र प्लांटवाला जाळतो. ज्याने खर्च टाळला त्याच्या पदरी तोटा पडतच नसेल, तर तो टाळत राहणार. म्हणजे सुरक्षितता आणि वेग यांचा विरोध डांबरात नाही, करारात आहे. तो तिथेच सोडवावा लागेल. मालाच्या पावतीवर चार गोष्टी असाव्यात: भरताना मोजलेले तापमान, पोहोचल्यावर मोजलेले तापमान, त्या टाकीत याआधी काय नेले होते, आणि भरण्याआधी टाकी, पंप, पाइप कोरडे असल्याची सही. ठरलेल्या अंशांपेक्षा थंड आलेल्या मालाला दर कमी द्यावा, वाळवण्याच्या वेळाला भाडे द्यावे. उतरवण्याच्या जागी हातमोजे, तोंडावर ढाल आणि भरपूर स्वच्छ पाणी ठेवावे: भाजलेल्या माणसाची कातडी थंड करण्यासाठी, पेटलेल्या डांबरावर मारण्यासाठी नव्हे. कातडीला चिकटलेले डांबर ओढून काढायचे नाही, थंड करून दवाखाना गाठायचा, हेही प्रत्येकाला माहीत असावे.

यातले काहीच परके नाही. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांत व्हीजी-30 चे मिश्रण 150 ते 165 अंशांना तयार व्हावे आणि किमान 140 अंशांना अंथरले जावे, हे लिहिलेले आहे आणि साइटवर ते थर्मामीटर लावून तपासलेही जाते. प्लांटपासून रोलरपर्यंतचे प्रत्येक तापमान आपण वहीत मांडतो. टँकरपासून प्लांटपर्यंतचे मांडत नाही. ती वही चार रकान्यांनी मागे वाढवायला नवा कायदा लागत नाही, पुढच्या निविदेत एक कलम पुरे.