पॅकेट कॅप्चर : कॉम्प्युटरमधली ही सोय कायम चालू ठेवावी का?

निपाणी : पतसंस्था असो, अडत दुकान असो की कर सल्लागाराचं ऑफिस, नेट अडकलं की दुरुस्तीवाला येतो, काळी खिडकी उघडतो आणि नेटवर्कवरून काय येतं-जातं ते बघतो. यालाच पॅकेट कॅप्चर म्हणतात. हे साधन बऱ्याचदा बाहेरून टाकावं लागत नाही, ते कॉम्प्युटरमध्येच असतं.

नेमकं काय दिसतं?

इंटरनेटवरची माहिती छोट्या तुकड्यांत जाते. तो तुकडा म्हणजे पॅकेट. कोगनोळी नाक्यावर प्रत्येक गाडीचा नंबर, कुठून आली, कुठं चालली हे वहीत लिहून घ्यावं, तसा हा प्रकार. ताडपत्री बांधली असेल तर माल दिसत नाही. एचटीटीपीएस ही ती ताडपत्री. तरी कोणत्या बँकेची साइट किती वाजता उघडली, हे सहसा कळतंच. जुन्या, ताडपत्री नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तर पासवर्डही उघडा पडतो.

कुठं काय असतं?

विंडोज : ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये 'पीकेटीमॉन' येतं.
मॅक : १९८८ मध्ये तयार झालेलं 'टीसीपीडम्प' आधीपासून असतं.
लिनक्स : टीसीपीडम्प किंवा 'वायरशार्क' सहज टाकता येतं.

तिन्हीकडे नियम जवळपास एकच. साधन हाताशी, पण आपणहून चालू नाही आणि अ‍ॅडमिनच्या परवानगीशिवाय चालत नाही.

कायम चालू ठेवलं तर?

फायदा आहे. चोरी झाल्यावर माग लागतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. अशा तपासात नेटवर्कची नोंद लाखमोलाची ठरते.

पण हिशेब मांडून बघा. सरासरी १० एमबीपीएस वापर धरला, तर तासाला साडेचार जीबी, आठ तासांच्या दिवसाला ३६ जीबी. शिवाय ती फाइलच चोराच्या हाती लागली, तर आपण त्याला आयती वही लिहून दिली असं होतं.

कायदा काय सांगतो?

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार संस्थांनी लॉग १८० दिवस जपायचे आणि ठरावीक सायबर घटना ६ तासांत कळवायच्या. लॉग म्हणजे नोंद, सगळी पॅकेटं नव्हेत. इथं बऱ्याच जणांची गल्लत होते. दुसऱ्याच्या नेटवर्कवरून विनापरवानगी माहिती काढणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली गुन्हा ठरू शकतो. कायदा केंद्राचा, त्यामुळे बेळगावात आणि कोल्हापुरात तोच लागू.

मग करायचं काय?

साधन राहू द्या, किल्ली आपल्याकडे ठेवा. रोजच्या कामाला साधं खातं वापरा आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड काउंटरवर चिकटवू नका. कॅप्चर गरजेपुरतं आणि समोर बसून करून घ्या. काम झालं की फाइल कुठं गेली ते विचारा. पेनड्राइव्हवर गेली असेल, तर ती तुमच्यासमोरच पुसायला सांगा.