एकच साठा, तीन नफे: मालाचं मूल्य काढण्याच्या पद्धतींची गोष्ट

गोदामाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरताना मालाची नोंद करायला गेलं की एक छोटीशी यादी समोर येते. साठ्याचं मूल्य कसं काढायचं? फिफो, लिफो की सरासरी? आपण त्यातलं एक निवडतो आणि पुढे जातो. पण या दोन-तीन शब्दांमागे शंभर वर्षांची कोर्टकचेरी आहे. आज आपण ती पाहू.

आधी एक उदाहरण घेऊ, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. समजा, व्यापाऱ्याने १०० गोणी २,००० रुपये भावाने घेतल्या. मग भाव चढला आणि आणखी १०० गोणी २,४०० ने घेतल्या. त्यातल्या १२० गोणी २,६०० ने विकल्या. नफा किती?

आधी आलेला माल आधी गेला असं धरलं, म्हणजे फिफो, तर नफा ६४,००० रुपये. शेवटी आलेला आधी गेला असं धरलं, म्हणजे लिफो, तर ३२,०००. भारित सरासरी धरली तर ४८,०००. गोणी त्याच, पैसे तेच, गिऱ्हाईकही तेच. हमालाने प्रत्यक्षात कुठली गोणी उचलली याच्याशी याचा संबंध नाही; हे हिशेबातलं गृहीतक आहे. पण कर त्याच आकड्यावर बसतो, बँक तोच आकडा पाहते. आपल्याकडे कायद्याने कामगारांचा बोनससुद्धा नफ्याशी जोडला आहे: किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के. त्या दोन टोकांमध्ये कामगाराच्या हातात काय पडणार, हेही या गृहीतकावर हलू शकतं.

आता अमेरिकेत जाऊ, कारण हे भांडण तिथे सगळ्यात मोठं झालं. धातूच्या कारखानदारांचं म्हणणं असं होतं: कारखाना चालू ठेवायचा तर ठरावीक माल कोठारात कायम असावाच लागतो. तो विकायचाच नाही, तर त्याचा भाव वाढला म्हणून नफा कसला? म्हणून तेवढा 'पायाभूत साठा' जुन्या स्थिर भावाने धरायचा. १९३० साली कॅन्सस सिटी स्ट्रक्चरल स्टील कंपनीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने करासाठी ही पद्धत नाकारली. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांचा मुद्दा असा की कर वर्षावर्षाच्या उत्पन्नावर असतो, आणि ही पद्धत त्या वार्षिक हिशेबात बसत नाही.

दार बंद झालं, तेव्हा तीच कल्पना दुसऱ्या वेशात आली. तो वेश म्हणजे लिफो. १९३८ च्या कायद्याने ती काही मोजक्या धंद्यांना दिली आणि १९३९ मध्ये सर्वांना खुली केली. पण एक अट घातली: करासाठी लिफो वापरायची, तर भागधारकांना दाखवायच्या हिशेबातही तीच वापरा. सरकारला कमी नफा आणि भागधारकाला जास्त, असं चालणार नाही. ही अट महत्त्वाची ठरली. १९७४ च्या महागाईत अनेक कंपन्या लिफोकडे वळल्या. पण कर वाचत असूनही कितीतरी कंपन्या फिफोवरच राहिल्या. बाजारात नफा कमी दिसणं त्यांना परवडणारं नव्हतं.

सगळीकडे असंच झालं असं नाही. कॅनडातल्या अ‍ॅनाकोंडा अमेरिकन ब्रास कंपनीचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९५५ साली तिथे लिफो करासाठी अमान्य झाली. म्हणजे सीमेच्या एका बाजूला कायदेशीर, दुसऱ्या बाजूला नाही!

आपल्या देशात सनदी लेखापालांच्या संस्थेने १९८१ मध्ये साठ्याच्या मूल्यांकनाचं मानक काढलं. १९९९ च्या सुधारणेत त्यातून लिफो गेली. एकमेकांच्या जागी चालणाऱ्या मालासाठी फिफो आणि भारित सरासरी राहिल्या. आंतरराष्ट्रीय मानकानेही २००३ च्या सुधारणेत लिफो काढून टाकली. कारण सरळ आहे: लिफोत ताळेबंदातला साठा वर्षानुवर्षं जुन्याच भावाने पडून राहतो आणि आजच्या वास्तवाशी त्याचं नातं तुटतं. अमेरिकेत मात्र ती अजून चालते.

मग आपल्या सॉफ्टवेअरकडे परत येऊ. टॅलीच्या यादीत लिफो दिसते. यादीत आहे म्हणजे आपल्या ताळेबंदाला चालते, असा अर्थ नाही. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पद्धत बदलली की सॉफ्टवेअर जुन्या नोंदींवरून मूल्य पुन्हा काढू शकतं. मग मागच्या मार्चची अखेरची शिल्लकही हलते, आणि सही झालेला ताळेबंद एक सांगतो, पडदा दुसरंच सांगतो.

म्हणून नियम असा आहे: कायद्याने किंवा मानकाने सांगितलं, किंवा नव्या पद्धतीने चित्र अधिक योग्य उमटत असेल, तरच पद्धत बदलायची, आणि बदलाचा परिणाम आकड्यासह जाहीर करायचा. व्यवहारात आपण एवढं करावं: हिशेबाची प्रत आधी जपून ठेवावी, जुन्या आणि नव्या पद्धतीची शिल्लक शेजारी शेजारी छापावी, फरक आणि कारण लिहून लेखापरीक्षकाला दाखवावं, आणि मगच नव्या वर्षापासून बदल करावा.

या इतिहासात प्रत्येक पद्धतीच्या बाजूने बोलणारे हुशार लोक होते आणि प्रत्येकाकडे पटणारं कारण होतं. न्यायालयांनी आणि कायद्यांनी शेवटी फार थोडं मागितलं: एक पद्धत धरा, सगळ्यांना तीच दाखवा, बदललीत तर सांगा. यादीतला पर्याय बदलायला दोन सेकंद लागतात. त्याचं कारण लिहायला बसलं की कळतं, ते कारण खरंच आपल्याकडे आहे का.