गढवालचा चट्टीमार्ग

गढवालचा चट्टीमार्ग : उत्तराखंड राज्याच्या गढवाल विभागातून केदारनाथ व बद्रीनाथ या तीर्थक्षेत्रांकडे जाणारा जुना पायी यात्रामार्ग. या मार्गावर काही किमी. अंतराने मुक्कामाच्या ज्या जागा असत, त्यांना ‘चट्टी’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यात्रेकरू जथ्याजथ्याने हा मार्ग चालत व दोन्ही धामांची यात्रा करून मैदानात परतण्यास त्यांना सु. दीड महिना लागे. मोटाररस्ता झाल्यावर चट्ट्यांचा उपयोग संपला. तथापि गढवालमधील अनेक पहाडी गावांची वाढ याच मार्गाने घडविली असून, आजच्या यात्रेचे प्रश्न समजून घेण्यासही त्याचा इतिहास उपयोगी पडतो.

मार्ग : यात्रेचा प्रारंभ हरद्वार (उंची सु. ३०० मी.) येथे होई. हृषीकेश व लक्ष्मणझुला ओलांडल्यावर गंगेच्या खोऱ्यातील चढउतार सुरू होत. भागीरथी व अलकनंदा यांच्या संगमावरील देवप्रयाग, पवार राजांची जुनी राजधानी श्रीनगर आणि मंदाकिनीच्या संगमावरील रुद्रप्रयाग हे पुढील प्रमुख टप्पे होत. रुद्रप्रयागहून यात्रेकरू मंदाकिनीच्या काठाने गुप्तकाशी व गौरीकुंडमार्गे केदारनाथला (३,५८३ मी.) जात. तेथून परत फिरून ते उखीमठ व तुंगनाथाच्या डोंगरावरून चमोली येथे अलकनंदेच्या खोऱ्यात उतरत आणि पीपलकोटी, जोशीमठ, पांडुकेश्वर या गावांवरून बद्रीनाथला (सु. ३,१०० मी.) पोहोचत. परतताना बहुतेक जण कर्णप्रयाग व आदिबद्री यांवरून कुमाऊँच्या पायथ्याकडे उतरत. उन्हाळ्याच्या आरंभी मंदिरे उघडत आणि केदारनाथाचे मंदिर भाऊबीजेस व बद्रीनाथाचे त्यानंतर काही दिवसांनी बंद होई. हा क्रम अद्यापि पाळला जातो.

चट्टी आणि जथा : चट्टी म्हणजे दगडी भिंतींच्या किंवा गवताने शाकारलेल्या, पुढील बाजूने बहुधा उघड्या असलेल्या पडव्यांची रांग. तिच्या एका टोकास वाण्याचे दुकान असे. वाणी निवाऱ्याचे भाडे घेत नसे. स्वयंपाकाची भांडीही तोच देई. मात्र पीठ, तांदूळ, डाळ, तूप व सरपण त्याच्याकडूनच विकत घ्यावे, असा रिवाज होता. त्यामुळे यात्रेकरूस भांडीकुंडी व शिधा पाठीवर वाहावा लागत नसे व मार्गालगतच्या शेतकऱ्यांच्या धान्यास, दुधातुपास गिऱ्हाईक मिळे. प्रत्येक मुक्कामी थोडा थोडा पैसा खर्च होत असल्याने यात्रेचे उत्पन्न मार्गभर वाटले जाई.

यात्रेकरू सहसा एकटा निघत नसे. एकाच गावची किंवा नात्यातील माणसे जथा करून येत. त्यांत वृद्धांचे व विधवांचे प्रमाण मोठे असे. आजाऱ्याची शुश्रूषा, पैशांची राखण व मृत्यू आल्यास अंत्यसंस्कार ही कामे जथाच करी. घरातून निघताना परतीची खात्री न धरता निरवानिरव करून निघण्याची प्रथा होती. वाटाड्याचे काम तीर्थपुरोहित किंवा त्यांचे गुमास्ते पाहत. बद्रीनाथाच्या पंड्यांचे मुख्य ठाणे देवप्रयाग असून, त्यांच्या वह्यांमध्ये निरनिराळ्या प्रांतांतील यजमानांच्या वंशावळी लिहिलेल्या आढळतात. ज्यांना चालवत नसे ते ‘दांडी’तून (चार जणांनी खांद्यावर वाहावयाची खुर्चीवजा डोली) किंवा ‘कंडी’तून (एका हमालाने पाठीवर घ्यावयाची टोपली) जात. ओझी वाहणारे हमाल स्थानिक किंवा नेपाळी असत.

व्यवस्था व दाने : यात्रेकरूंना अन्न मिळावे म्हणून काही गावांचा महसूल ‘सदावर्ता’कडे लावून देण्याची पद्धत इंग्रजपूर्व काळापासून होती. १८१५ मध्ये गुरख्यांचा पराभव झाल्यावर पूर्व गढवाल इंग्रजांकडे आला. कुमाऊँचा आयुक्त जी. डब्ल्यू. ट्रेल याने सदावर्ताच्या निधीतून १८२७ नंतरच्या काही वर्षांत यात्रेची वाट बांधून काढली. पुढे याच निधीतून मार्गावर दवाखानेही चालविण्यात आले. खासगी दानांचा वाटाही मोठा होता. अहिल्याबाई होळकर (१७२५–९५) यांच्या भारतभर विखुरलेल्या धर्मकार्यांत केदारनाथ व बद्रीनाथ यांचा समावेश होतो. ‘काली कमलीवाले’ या नावाने प्रसिद्ध असलेले स्वामी विशुद्धानंद यांनी स्थापिलेल्या हृषीकेशच्या संस्थेने मार्गावर धर्मशाळांची साखळी उभी केली. त्यांच्याच प्रेरणेने कलकत्त्याचे सूरजमल झुनझुनवाला यांनी १८८९ मध्ये लक्ष्मणझुला येथे लोखंडी दोरांचा पूल बांधविला. तत्पूर्वी तेथे गवती दोरांचा झुला होता. लोखंडी पूल १९२४ च्या पुरात वाहून गेला व त्याच्या जागी बांधलेला नवा पूल १९३० मध्ये खुला झाला.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. सरकारी अधिकाऱ्यांची ओझी वाहण्याची व त्यांना रसद पुरविण्याची सक्ती पहाडी गावांवर होती. ‘कुली-बेगार’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९२१ च्या लोकआंदोलनानंतर मोडली.

रोगराई व आपत्ती : जथ्याने प्रवास करण्यात जशी सुरक्षितता होती तसाच धोकाही होता. चट्टीजवळचा झरा दूषित झाला, की पटकी पुढच्या जथ्यांबरोबर खोऱ्यात वर सरके आणि वाटेवरच्या गावांतही पसरे. १८९२ मध्ये हरद्वारचा महावारुणी मेळा पटकीमुळे सरकारने उधळून लावला, तरी त्या वर्षी साथ गढवालमध्ये पोहोचलीच. १९१३ मध्ये संयुक्त प्रांतांच्या यात्रा समितीने यात्रास्थळांच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी केली. १९१८ ते १९२६ या काळात रुद्रप्रयागच्या परिसरात एका नरभक्षक बिबट्याने सरकारी नोंदीनुसार १२५ माणसे मारली. उघड्या चट्ट्यांत रात्र काढणाऱ्यांत त्याची मोठी दहशत होती. जिम कॉर्बेट यांनी मे १९२६ मध्ये त्याला ठार केले.

सप्टेंबर १८९३ मध्ये गोहना येथे डोंगराचा कडा कोसळून बिरेही गंगा अडली व मोठे सरोवर तयार झाले. बांध फुटणार हे ओळखून खोऱ्यातून तारायंत्राची ओळ टाकण्यात आली, पुराची संभाव्य पातळी खांब रोवून दाखविण्यात आली आणि वस्त्या हलविण्यात आल्या. ऑगस्ट १८९४ मध्ये बांध फुटला. श्रीनगर शहर वाहून गेले, परंतु प्राणहानी केवळ पाच जणांची झाली. आपत्तिपूर्व इशाऱ्याचे हे भारतातील एक उल्लेखनीय उदाहरण होय. उरलेले सरोवर जुलै १९७० च्या पुरात नष्ट झाले. त्या पुराने बेलाकुची ही वस्ती व तेथे थांबलेल्या यात्रेच्या बसगाड्या वाहून नेल्या.

प्रवासवर्णने : या मार्गाने गेलेल्या मराठी भाषिकांत काका कालेलकर यांचा उल्लेख करावयास हवा. १९१२ मधील आपल्या हिमालयातील पायी भ्रमंतीवर त्यांनी गुजरातीत लिहिलेला ग्रंथ भारतीय प्रवासवाङ्‌मयात महत्त्वाचा मानला जातो.

मोटारमार्ग व परिणाम : हरद्वारला १८८६ मध्ये रेल्वे आली. मोटाररस्ता टप्प्याटप्प्याने वर सरकत गेला. १९६० मध्ये स्थापन झालेल्या सीमा रस्ते संघटनेमुळे आणि १९६२ च्या चीनबरोबरील युद्धानंतर या कामास वेग आला व त्याच दशकात रस्ता बद्रीनाथपर्यंत पोहोचला. दीड महिन्याची यात्रा काही दिवसांवर आली. वृद्ध व दुर्बल यांना ती सुसाध्य झाली, तसेच रोगराईही आटोक्यात आली. परंतु बस जेथे थांबत नाही त्या चट्ट्या ओस पडल्या व यात्रेचे उत्पन्न मोजक्या गावांत एकवटले.

पायी यात्रेत एका रात्री किती माणसे पुढे जाऊ शकतील, हे चट्टीच्या पडव्यांवर व झऱ्याच्या पाण्यावर अवलंबून असे. रस्त्याने हे बंधन नाहीसे केले. जोशीमठ जुन्या दरडीच्या राशीवर वसले असल्याचा इशारा मिश्रा समितीने १९७६ मध्ये दिला होता. तरीही तेथे मोठी बांधकामे होत राहिली आणि जानेवारी २०२३ मध्ये शेकडो घरांना तडे जाऊन अनेक कुटुंबांना हलवावे लागले. जून २०१३ मध्ये अतिवृष्टी व चोराबारी सरोवर फुटणे यांमुळे केदारनाथ परिसरात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. गौरीकुंड व केदारनाथ यांमधील रामबाडा ही जुनी चट्टी समूळ नाहीशी झाली. २०२२ मध्ये शासनाने प्रत्येक धामासाठी दररोजच्या यात्रेकरूंची कमाल संख्या ठरविली, तरी २०२३ च्या हंगामात चार धामांना येणाऱ्यांची एकूण संख्या ५० लाखांवर गेली. पूर्वी वाटेनेच घातलेली मर्यादा आता नियमाने घालावी लागत आहे. पायी यात्रेचे कष्ट व रोगराई पुन्हा यावीत, असे कोणी म्हणणार नाही. मात्र खोऱ्याची वाहकशक्ती ओळखून यात्रा टप्प्याटप्प्याने वर नेण्याचे चट्टीमार्गाचे तत्त्व आजही विचारात घेण्याजोगे आहे.