साइन वर्ग अधिक कोसाइन वर्ग

दहावीच्या वर्गात यामाहा आर-१५ माहीत नसलेला मुलगा सापडणे कठीण. ती भारतात २००८ साली आली. एक सिलिंडर, दीडशे सीसी. तिने जिचे रूप घेतले त्या आर-१ची ओळख मात्र गणिताच्या शिक्षकांनी करून घ्यावी अशी आहे.

आर-१ आली १९९८ साली. चार सिलिंडर, ९९८ सीसी, १५० अश्वशक्ती आणि पेट्रोल-तेल वगळून वजन अवघे १७७ किलोग्रॅम. अभियंता कुनिहिको मिवा यांची खरी करामत गिअरपेटीत होती. एकामागे एक असणारे तिचे दांडे त्यांनी वरखाली रचले. इंजिन आखूड झाले आणि गाडी न लांबवता मागचे चाक धरणारी भुजा लांब करता आली. भुजा लांब असली की चाक वरखाली झाले तरी साखळीचा कोन कमी बदलतो. २००२मध्ये कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणी आली. पुढे अश्वशक्तीही वाढत गेली; त्यात नवल नाही.

नवल २००९चे. नेहमीच्या चार सिलिंडरी इंजिनात दोन दट्टे वर असतात तेव्हा दोन खाली, म्हणजे चारही एकाच क्षणी थांबलेले. अर्ध्या वाटेवर चारही एकदम वेगात. क्रँकशाफ्ट त्यांना ऊर्जा देतो, परत घेतो. एका फेऱ्यात दोनदा. या हेलकाव्यात, वळणावर मूठ पिळल्यावर चाकाला नेमका किती जोर मिळाला, हे चालकाला नीट उमगत नाही.

उपाय शर्यतीत आधी दिसला. मासाओ फुरुसावांच्या चमूच्या एम-१ गाडीवर व्हॅलेंटिनो रॉसीने २००४चे विश्वविजेतेपद मिळवले. तिच्याप्रमाणेच २००९च्या आर-१मध्ये क्रँकच्या खिळी ९० अंशांवर बसवल्या. दोन दट्टे थांबतात तेव्हा दोन धावतात. दट्ट्याचा वेग साधारणपणे साइन थीटाच्या प्रमाणात आणि गतिज ऊर्जा त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून बेरीज येते दोन साइन वर्ग अधिक दोन कोसाइन वर्ग. म्हणजे कोन कोणताही असो, दोन! (मुलांना आधी जुन्या रचनेची बेरीज करायला लावावी.)

फुकट मात्र काहीच नाही. नव्या रचनेत इंजिन टोकांकडे डोलू पाहते, म्हणून तोल राखणारा वेगळा दांडा लागला. ठिणग्याही २७०, १८०, ९०, १८० अशा विषम अंतराने पडू लागल्या. आवाज घोगरा झाला, तो अनेकांना आवडलाही. २०१५पासून गाडीचा कल मोजणारे संवेदक आले. नव्या उत्सर्जन नियमांमुळे युरोपात २०२५पासून आर-१ रस्त्यासाठी नव्हे, केवळ शर्यतीच्या मार्गासाठी विकली जाते.