शब्दकोशाची वाट

१८७५ सालच्या मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. शेतकरी कुटुंबात वाढलेल्या या मुलास तोवर लिहिण्यावाचण्याचे शिक्षण जवळजवळ मिळालेच नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस एलियट या इंग्रज शिक्षकाची नेमणूक झाली. मराठी, गुजराती व उर्दू यांच्या जोडीला इंग्रजीचे धडे सुरू झाले. राज्यसूत्रे हाती येण्यास अवघी सहा वर्षे उरली होती.

मराठी मुलाची अक्षरओळख पक्की झाली की, ऱ्हस्वदीर्घाची अडचण सोडता, ऐकलेला शब्द त्यास बहुधा लिहिता येतो. इंग्रजीत हा भरवसा नाही. तेथे राजपुत्र आणि रयतेचा मुलगा सारखेच अडखळतात. या विसंगतीमागे इतिहास आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात मुद्रणकला आणली. पुढे छापील शब्दांची वर्णरचना हळूहळू स्थिर झाली, पण बोलणाऱ्यांचे उच्चार बदलतच राहिले. ‘नाइट’ म्हणजे सरदार, या शब्दारंभीचा ‘के’ पूर्वी उच्चारला जाई. तो जिभेवरून गेला, कागदावर मात्र राहिला. ‘डेट’ म्हणजे कर्ज, यातील ‘बी’ तर लॅटिन मूळ दिसावे म्हणून विद्वानांनी मागाहून घातला.

म्हणून नियम निरुपयोगी ठरत नाहीत. ‘होप’ म्हणजे आशा करणे आणि ‘हॉप’ म्हणजे लंगडी घालणे. ‘इंग’ प्रत्यय लागताना पहिल्यातील अंत्य ‘ई’ गळतो, तर दुसऱ्यातील ‘पी’ दुप्पट होतो. एवढे विसरले तर आशा करणारा माणूस कागदावर लंगडी घालू लागतो!

जेथे नियम संपतो, तेथे कोश उपयोगी पडतो. परंतु ज्यास वर्णरचना ठाऊक नाही, त्याने शब्द शोधावा कसा? कानाला ‘न’ ऐकू आला तर केवळ ‘एन’ पाहून थांबू नये. ‘के’ किंवा ‘जी’ पुढे ‘एन’ असलेली पानेही चाळावीत. ‘स’ ऐकू आला तर ‘एस’, ‘सी’ आणि ‘पी’ पुढे ‘एस’, अशी तिन्ही दारे ठोठवावीत. शब्द सापडल्यावर पहिल्याच अर्थावर समाधान मानू नये. उच्चार, आघात व व्युत्पत्ती पाहावी आणि मग आपल्या वाक्यात बसणारा अर्थ निवडावा. व्युत्पत्ती कळली की मुके अक्षरही लक्षात राहते.

मराठी विद्यार्थ्याच्या हाती असे साधन लवकर आले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्यांनी आरंभलेला आणि मेजर कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला.

बडोद्याने पुढचे पाऊल टाकले. उशिरा अक्षर गिरवलेल्या या राजाने १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण साक्षर झालेल्या रयतेस सरकारी कागदातील शब्दच कळेना, तर त्या अक्षरांचा उपयोग काय? १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ प्रकाशित झाला. त्यात राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द दिले आहेत. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या शिवकालीन राज्यव्यवहारकोशाची येथे सहज आठवण होते.

इंग्रजी शब्द बिनचूक लिहिता येणे ही विद्येची पहिली पायरी होय. तोच अर्थ आपल्या भाषेत शेजाऱ्यास सांगता आला, म्हणजे ती विद्या पुरी झाली. बडोद्याचा हा कोश त्या दुसऱ्या पायरीसाठी रचला गेला.