गुऱ्हाळात चिपाड पुरत नाही? आधी चुलवाण तपासा

हंगामात चिपाड कमी पडते म्हणून लाकूडफाटा विकत घ्यावा लागतो, ही अनेक गुऱ्हाळांची तक्रार असते. प्रत्यक्षात उसाचे स्वतःचे चिपाड रस आटवायला पुरले पाहिजे.

हिशेब काय सांगतो?

100 किलो उसापासून साधारण 60 किलो रस आणि 40 किलो ओले चिपाड मिळते. या रसाचा सुमारे 11 किलो गूळ होतो, म्हणजे 49 किलो पाणी आटवावे लागते. 1 किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे 540 किलोकॅलरी लागतात. रस उकळीला आणण्याची उष्णता धरून एकूण गरज सुमारे 30,000 किलोकॅलरी होते.

ओल्या चिपाडात जवळपास निम्मे पाणी असते. उरलेल्या 20 किलो कोरड्या चिपाडातून सुमारे 80,000 किलोकॅलरी उष्णता मिळते. यातील 40 टक्के उष्णता काहिलीला लागली, तरी इंधन पुरते. ते पुरत नसेल, तर 60 टक्क्यांहून अधिक उष्णता वाया जात आहे.

उष्णता कुठे जाते?

- ओलसर चिपाड : आधी त्यातील पाण्याची वाफ होते, मगच ते नीट पेट घेते.
- काळा धूर : हवा कमी पडते किंवा एकदम जास्त चिपाड टाकले जाते. न जळलेले इंधन धुराड्यातून जाते.
- जास्त हवा : थंड हवा आत येऊन गरम वायू लवकर बाहेर पडतात.
- काहिलीच्या बुडाला काजळी : उष्णता रसापर्यंत कमी पोहोचते.

काय करावे?

1. चिपाड पातळ पसरून उन्हात वाळवावे, अधूनमधून उलटावे. वाळलेले चिपाड पावसापासून आणि दवापासून झाकून, चुलवाणापासून सुरक्षित अंतरावर रचावे.
2. चिपाड थोडे थोडे आणि सतत टाकावे. चुलीचे तोंड गरजेपुरतेच उघडे ठेवावे.
3. जाळीखालील राख नियमित काढावी, म्हणजे जाळाला खालून हवा मिळते.
4. काहील आणि चुलवाणाच्या कडेतील फटी, भिंतीच्या भेगा मातीने लिंपाव्यात.
5. धुराड्यात झडप असल्यास जाळ पाहून ती कमी-जास्त करावी. पूर्ण बंद करू नये.
6. हंगामात काहिलीच्या बुडाची काजळी वेळोवेळी, चुलवाण थंड असताना खरवडावी.
7. नवीन चुलवाण बांधताना धुराड्याकडे जाणाऱ्या गरम वायूवर दुसरी काहील बसवावी. त्यात पुढच्या आदणाचा रस तापतो आणि मुख्य काहिलीचा वेळ वाचतो.

टायर, प्लास्टिक किंवा रबर कधीही जाळू नये. त्यांचा विषारी धूर कामगारांच्या छातीत जातो आणि उघड्या काहिलीतील गुळातही उतरू शकतो.

मोजमाप ठेवा

सलग चार-पाच आदणांत जाळलेले वाळलेले चिपाड आणि तयार गूळ यांचे वजन वहीत लिहावे. उन्हात वाळवलेल्या चिपाडात थोडा ओलावा राहतो, तो धरून एका किलो गुळामागे सुमारे 2 किलो चिपाड आपल्याकडे असते. त्याहून जास्त जळत असेल, तर वरील बाबी एकेक करून सुधाराव्यात आणि पुन्हा मोजावे. विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील दोन-तीन गुऱ्हाळांची अशी तुलना केल्यास चूक लगेच लक्षात येते. चुलवाणाची रचना बदलायची असल्यास कोल्हापूर येथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.