अकराव्या ताशीचे मजूर : मजुरी, विद्या आणि बंद दारे

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर आपण सर्वांनीच वेळोवेळी प्रवचने केली आहेत. त्या प्रवचनांचा रोख बहुधा धन्याच्या औदार्यावर असतो, आणि तो योग्यच आहे. परंतु अकराव्या ताशी बाजारात उभ्या असलेल्या मजुरांना धनी रिकामेपणाचे कारण विचारतो, तेव्हा आपल्याला कोणी कामावर घेतलेच नाही असे ते सांगतात. या उत्तरापाशी आपण क्वचितच थांबतो. ही माणसे आळशी असती तर दिवस मावळेपर्यंत बाजारात उभी राहिली नसती. मग सकाळपासून येऊन गेलेल्या धन्यांनी त्यांना का वगळले? दाखल्यात याचा खुलासा नाही. आपल्या देशाच्या, विशेषतः मराठी मुलखाच्या, अलीकडील इतिहासात मात्र तो सापडतो.

हा शोध घेण्यास एक व्यावहारिक कारणही आहे. 'शीक, म्हणजे तुझे दारिद्र्य फिटेल,' असे आपण धर्मग्रामातील प्रत्येक मुलाला सांगत आलो आहोत. आम्हीही हे वर्गात आणि वेदीवरून अनेकदा सांगितले आहे. या आश्वासनाला इतिहास कितपत दुजोरा देतो, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. कारण आश्वासन खोटे ठरले तर मूल स्वतःला दोष देते.

प्रथम मजुरीचा विचार करू. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली. १९२० नंतरच्या दशकात शहरात ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसे येत. त्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे प्रमाण शेकडा दहा-बारा इतके होते. गिरणीचे दार सर्वांना खुले आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटे. आत गेल्यावर मात्र वाटा फुटत. कातकामाच्या विभागात अस्पृश्यांस काम मिळे; विणकामाच्या विभागात, ज्यास कामगार साळखाते म्हणत, त्यांस सहसा प्रवेश नसे. आणि विणकऱ्याची कमाई कातणाऱ्याच्या कमाईपेक्षा बरीच अधिक होती.

याचे जे कारण सांगितले जाई ते असे. धोट्यातील कांडी संपली की विणकरी नवी कांडी बसवी आणि सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेई. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, म्हणून सवर्ण विणकऱ्यांस अस्पृश्य सोबती नको होता. कारण विटाळाचे होते, परिणाम मात्र वेतनाचा होता. ज्यांस साळखाते बंद, त्यांची उरलेल्या थोड्या खात्यांत गर्दी होई. गर्दी झाली की मजुराची घासाघीस करण्याची ताकद कमी होते. साळखात्यात स्पर्धा मर्यादित राहिल्याने आतल्यांची कमाई सुरक्षित राही. विटाळाची कल्पना एखाद्याच्या मनातून उद्या नाहीशी झाली, तरी त्या कल्पनेने मिळवून दिलेला लाभ सोडणे त्याला जड जाते.

तोंड न लावता सूत ओवण्याची सोय अशक्य नव्हती. अन्य देशांत आरोग्याच्या कारणास्तव हाताने ओवण्याचे धोटे वापरात आले. तेव्हा अडचण धोट्याची होती असे म्हणता येत नाही. गिरणीत माणूस घेणे व काढणे मुकादमाच्या म्हणजे जॉबरच्या हाती असे. तो आपल्या गावचे, आपल्या नात्याचे लोक आणी, त्यांच्याकडून दस्तुरी घेई आणि अडीनडीला त्यांना कर्जही देई. मालकास हे सोयीचे होते. मजूर शोधण्याचा व त्यांस ताब्यात ठेवण्याचा त्रास परस्पर निभावत होता. १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने जॉबरच्या या सत्तेवर कडक टीका केली. १९३५ पासून मुंबईत बदली कामगारांच्या भरतीवर नियंत्रण आणण्याची योजनाही सुरू झाली.

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईत गिरण्यांचा प्रचंड संप झाला. कामगारांच्या मागण्यांच्या यादीत साळखात्याचा उल्लेख नव्हता. ही गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लावून धरली आणि अस्पृश्य कामगारांचा पाठिंबा हवा असेल तर हे दार उघडण्याची मागणी करा, असे संपाच्या पुढाऱ्यांस बजावले. मागणी मालकांपुढे गेली, तेव्हा हा अन्याय आपण केलेला नाही असे उत्तर मिळाले. ते उत्तर अर्धसत्य होते. नियम मालकांनी लिहिला नव्हता. पण त्यांच्या छपराखाली तो पाळला जात होता आणि त्यांस त्याची झळ नव्हती. मालक कामगारांकडे बोट दाखवी, कामगार रूढीकडे. आणि रूढीला सहीशिक्का नसल्याने तिला जबाबदार कोणीच नव्हते.

पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही बंधने सैल पडत गेली. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईतील गिरणीधंद्यालाच उतरती कळा लागली. ज्यांस आत येण्यास दोन पिढ्या लागल्या, त्यांच्या वाट्याला ते घर फार काळ आले नाही.

आता विद्येकडे वळू. अडाण्यास कमी मजुरी मिळते, शिकलेल्यास जास्त, म्हणून शिक्षण हाच उपाय, असे कोणी म्हणेल. विद्येचे मोल बाजारात कसे ठरते, याचे सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा डॉ. आंबेडकरांच्याच चरित्रात आहे.

त्यांचा जन्म इंदूरजवळच्या महू छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी झाला. वडील रामजी सकपाळ सुभेदार होते व लष्करी शाळेत शिकवीत. लष्कराने महारांस पगाराबरोबर अक्षरेही दिली होती. पण १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महारांची लष्करभरती बंद झाली. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. एका सरकारी निर्णयाने एका समाजाची शिकण्याची वाट आणि शिकून पोट भरण्याची वाट, दोन्ही एकदम अरुंद झाल्या.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. त्यांनीच १९१३ साली तरुण भीमरावांस अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. अट एवढीच, की परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. कोलंबिया विद्यापीठात व नंतर लंडनमध्ये अर्थशास्त्राचे अध्ययन करून ते १९१७ साली बडोद्यास हजर झाले. विद्या होती, नेमणूक होती, राजाचा आश्रय होता. नव्हते ते फक्त राहण्यास घर. कचेरीत शिपाई फाइली लांबून टाकीत. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेले.

आपल्या आठवणींत डॉ. आंबेडकर सांगतात की, बडोद्यात त्यांचे दोन मित्र होते. एक हिंदू व दुसरा भारतीय ख्रिस्ती. हिंदू मित्राने कबूल केले की, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने म्हटले की, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. हे दांपत्य मूळच्या ब्राह्मण घराण्यातले होते. पतीचे विचार बदलले होते, पण पत्नीचा सोवळेपणा गेला नव्हता, हे त्यांस ठाऊक होते. त्या उत्तराचा अर्थ त्यांनी ओळखला. गाडी रात्री नऊ वाजता होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले आणि मुंबईची गाडी धरली. बडोद्याची नोकरी तेथेच संपली.

धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावा, असे आम्हांस वाटते. त्या घरात बाप्तिस्मा झाला होता. बहुधा प्रार्थनाही होत असेल. तरी तेथील दार उघडले नाही, आणि अर्थशास्त्राच्या उच्च पदवीचे मोल बडोद्याच्या बाजारात त्या संध्याकाळी शून्य झाले.

अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पुढे बारकाईने विचार केला. १९५७ साली गॅरी बेकर यांनी असे मांडले की, भेदभाव करणारा मालक स्वस्त व चांगला कामगार गमावतो, म्हणून खुल्या स्पर्धेत भेदभाव त्यालाच महाग पडतो. तर्क सुबक आहे; परंतु ऐंशी गिरण्यांच्या स्पर्धेने साळखात्याचे दार उघडले नाही. १९७६ साली जॉर्ज अकरलॉफ यांनी भारतातील जातिव्यवस्थेचाच दाखला घेऊन याचे उत्तर सुचविले. नियम मोडणाऱ्यावरही बहिष्कार पडतो, म्हणून ज्यांस नियम मनापासून पटत नाही तेही तो पाळतात. नोकर निघून जातील म्हणणारा बडोद्याचा तो मित्र हेच बोलत होता.

हा केवळ गतकाळाचा विषय नाही. २००७ साली सुखदेव थोरात व पॉल अटवेल यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांकडे समान पात्रतेचे अर्ज पाठविले होते; फरक फक्त नावाचा होता. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जास बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश भरली, मुसलमान नावाच्या अर्जास सुमारे एक-तृतीयांश. २००६ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात कैवन मुन्शी व मार्क रोझेन्झ्वाइग यांनी दादरमधील शाळा पाहिल्या. कामगार जातींतील मुलगे मराठी माध्यमातच राहत होते, कारण बापाच्या ओळखीने मिळणारी कष्टाची कामे त्यांची वाट पाहत होती. मुलींना अशा ओळखींचा कधीच लाभ झाला नव्हता, म्हणून त्या इंग्रजी माध्यमाकडे वळल्या आणि पुढे गेल्या. ओळखीचा दोर एकास वर ओढतो, दुसऱ्यास बाहेर ठेवतो, आणि कधी कधी आपल्याच मुलास बांधूनही ठेवतो.

आपल्या घरातही पाहू. मिशनच्या शाळेत शिकलेल्या गरीब ख्रिस्ती तरुणास बाहेरचा बाजार बहुधा बंदच असे. त्याची विद्या शिक्षक, धर्मशिक्षक, कंपाउंडर, परिचारिका अशा मिशनच्याच कामांत खपे. ज्या बाजारात घेणारा एकच, तेथे मोलही तोच ठरवितो. गावोगावच्या धर्मशिक्षकांस सेवाभावाच्या नावाखाली किती थोडक्यात दिवस काढावे लागले, हे वाचकांपैकी अनेकांनी आपल्या वडिलांच्या संसारात पाहिले असेल. गोव्यात तर शतकानुशतके धर्मगुरुपदाची वाट मुख्यतः ब्राह्मण व चारडो घराण्यांतून जात होती आणि कित्येक ठिकाणी कोफ्रादीही जातवार होत्या. वेदीजवळचे हे साळखातेच होते.

दलित ख्रिस्ती बांधवांची सरकारदरबारी जी मागणी आहे ती या पार्श्वभूमीवर पाहावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा लाभ हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली तो शिखांस व १९९० साली बौद्धांस मिळाला, ख्रिस्ती बांधवांस मिळाला नाही. बाप्तिस्म्याने बाजारातील नाव बदलत नाही, म्हणून ही मागणी न्याय्य आहे. परंतु शासनाचे दार ठोठावताना आपल्या दाराची कडी कोठे आहे हेही तपासले पाहिजे.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे आपणांस दिशा देते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात सांगितले की, मजुराने गरजेपोटी कबूल केली म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ सालच्या 'लाबोरेम एक्झर्सेन्स'मध्ये याच्याही पुढचे पाऊल टाकले. हाती पगार देणारा तो प्रत्यक्ष नियोक्ता. पण कामाच्या अटी ज्यांच्या वागण्याने घडतात त्या सर्व व्यक्ती व संस्था अप्रत्यक्ष नियोक्ता होत, आणि त्यांच्यावरही न्यायाची जबाबदारी आहे. या व्याख्येने गिरणीमालकाचे ते उत्तर अपुरे ठरते. जॉबर, शेजारचा विणकरी, धर्मशाळेचे पारशी, आणि पत्नीस विचारून सांगतो म्हणणारा तो ख्रिस्ती गृहस्थ, हे सारे अप्रत्यक्ष नियोक्ते होते. त्यांनी कोणास पगार दिला नाही, तरी कोणाचा तरी पगार त्यांनी ठरविला.

तेव्हा मुलांस आपण काय सांगावे? शिका, हे सांगितलेच पाहिजे. डॉ. आंबेडकर बडोदे सोडून गेले तरी त्यांची विद्या त्यांच्याबरोबर गेली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पण तेवढेच सांगून थांबू नये. दार बंद आढळले तर तो तुझा दोष नाही, हेही सांगावे. आणि मोठ्यांस विचारावे की, आपल्या शाळेत शिपाई नेमताना, दवाखान्यात आया घेताना, घर भाड्याने देताना, परगावच्या विद्यार्थ्यास शिफारसपत्र देताना आपण कोणाचे नाव प्रथम आठवतो, आणि कोणाचे कधीच आठवत नाही. आपल्या धर्मग्रामातील वेतनपत्रक वर्षातून एकदा या प्रश्नासह उघडून पाहिले, तर त्या दाखल्यावरील पुढच्या वर्षीचे प्रवचन वेगळे होईल.

द्राक्षमळ्याचा धनी दिवसातून पाच वेळा बाजारात गेला. इतरांनी ज्यांस वगळले होते त्यांस त्याने आत घेतले, आणि मजुरी देताना त्यांनाच पुढे बोलाविले. बडोद्याच्या बागेत बसलेल्या त्या तरुणाकडे संध्याकाळी नऊपर्यंत कोणी गेले नाही. त्या पाच तासांचे उत्तर आजही आपल्याकडे मागितले जात आहे.